बॅकअप दर वेळी मध्येच थांबतो? जीबी नव्हे, फायली मोजा

रात्री अकराला बॅकअप सुरू होतो आणि सकाळी येऊन बघावं तर अर्ध्यात थांबलेला असतो. परत चालू केला की परत साधारण तिथंच येऊन थांबतो. डिस्कवर जागा असते, केबल बदलून झालेली असते, स्विचही बदललेला असतो. मग एखाद्या आठवड्यात काहीही न करता तो पूर्ण होतो, सगळे निर्धास्त होतात, आणि स्कॅनिंगचं नवं काम चढवलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या भागात यावर पहिलं उत्तर ठरलेलं आहे: "रात्री लाईट गेली असणार बघा." जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस धरला की लाईट खरोखर जाते, त्यामुळं पावसाळ्यात तर या उत्तराची कुणी शहानिशाही करत नाही. नवा यूपीएस येतो, बॅटऱ्या बदलल्या जातात, आणि बॅकअप तरीही थांबतो. ज्यांच्याकडं छोट्या फायली लाखांनी आहेत त्यांच्याकडं दोष बऱ्याचदा रॅमचा निघतो. आणि रॅम किती लागेल हे आपण डेटा किती टीबी आहे यावरून काढायला जातो, तिथंच अंदाज चुकतो. लग्नाच्या पत्रिका किती छापायच्या हे घरांच्या संख्येवर ठरतं, घरं किती मोठी आहेत त्यावर नाही. बॅकअपच्या रॅमचं तसंच आहे: फाइल लहान असो की मोठी, तिची एक नोंद मेमरीत धरावी लागते. चार टीबीचे व्हिडिओ दोन जीबी रॅमच्या मशीनवरून निवांत जातात, आणि त्याच मशीनवर दोनशे जीबीच्या बारीक फायली अडकून बसतात.

हे मी मुख्यतः जुनी मराठी वर्तमानपत्रं, नियतकालिकं आणि वाचनालयांच्या नोंदवह्या स्कॅन करणाऱ्या मंडळींसाठी लिहितोय. सीमाभागातला हा कागद एकदा बांधणीतून सुटला की पुन्हा स्कॅन करता येईलच असं नाही. कडा झडणारं पान दुसऱ्यांदा काचेवर ठेवलं की त्याचा आणखी थोडा भाग जातो. म्हणून त्याचा बॅकअप अर्धवट राहिलेला चालणार नाही. पतसंस्थांची व्हाउचरं, लग्नाचे फोटो काढणारे स्टुडिओ, उद्यमबागेतल्या कारखान्यांची ड्रॉइंग, यांनाही हिशेब तोच लागू आहे.

लाईट की रॅम, आधी ठरवा

लिनक्स मशीन असेल तर 'अपटाइम' ही कमांड देऊन बघा. मशीन वीस दिवस सलग चालू आहे असं ते सांगत असेल तर रात्री लाईट गेली हे उत्तर तिथंच संपलं. 'लास्ट रीबूट' दिलं की मशीन कधीकधी नव्यानं सुरू झालं त्याची यादी मिळते. त्यानंतर कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग उघडा: 'डीमेसेज' (dmesg) या कमांडला कॅपिटल टी लावला की ओळी तारीख-वेळेसह दिसतात. त्यात 'आउट ऑफ मेमरी' आणि पुढं 'किल्ड प्रोसेस' अशी ओळ शोधा. ती सापडली तर प्रश्न मिटला: रॅम संपली आणि कर्नलनं सगळ्यात मोठा प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) मारला. तो बहुतेक वेळा तुमचा बॅकअपच असतो.

बॅकअप स्क्रिप्टमधून चालत असेल तर ती कोणत्या आकड्यानं संपली तेही बघा. १३७ म्हणजे बाहेरून मारला गेला. १२८ मध्ये मारण्याच्या सिग्नलचा क्रमांक ९ मिळवला की १३७ होतात. आरसिंक या फायलींच्या प्रती काढणाऱ्या कमांडचा २२ म्हणजे तिला मेमरी मागून मिळाली नाही. फसवणारा आकडा १२ आहे. त्यासोबत कनेक्शन अचानक तुटल्याचा संदेश येतो, म्हणून माणसं नेटवर्क तपासत बसतात. पण पलीकडच्या मशीनवरची आरसिंक मारली गेली तरी अलीकडं हाच १२ दिसतो.

म्हणून लॉग दोन्ही टोकांचे बघा. स्कॅनिंगच्या कॉम्प्युटरला सोळा जीबी रॅम असते आणि बॅकअप जातो तो कपाटावर ठेवलेल्या पाचशे बारा एमबी रॅमच्या जुन्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावर. दोघांपैकी आधी कोण दमणार हे उघड आहे, तरी रॅम वाढवली जाते ती कॉम्प्युटरचीच, कारण त्यात ती घालता येते.

एका पानाच्या फायली किती होतात

फायलींची संख्या नजरेतून का सुटते हे एका उदाहरणानं बघू. समजा आठ पानांचं दैनिक आहे, वर्षाला ३६० अंक, आणि पन्नास वर्षांच्या फायली स्कॅन करायच्या आहेत. पानं झाली १,४४,०००. प्रत्येक पानाची मूळ टिफ, वाचायची जेपेग, छोटी प्रतिमा, ओसीआरचा (चित्रातून ओळखलेला) मजकूर आणि शब्दांच्या जागा सांगणारी एक्सएमएल, अशा पाच फायली धरल्या तर ७,२०,०००. इथपर्यंत साधं मशीनही पेलतं.

आता कुणीतरी म्हणतं, वेबसाइटवर पान झूम करून वाचता आलं पाहिजे. रास्त मागणी आहे. त्यासाठी पानाचे २५६ पिक्सेलचे चौकोनी तुकडे पाडले जातात. १५ बाय २२ इंचांचं पान ३०० डीपीआयला ४५०० बाय ६६०० पिक्सेल होतं. सगळ्यात मोठ्या पातळीला आडवे १८ आणि उभे २६, म्हणजे ४६८ तुकडे. त्याच्या निम्म्या आकाराला ११७, मग ३५, मग १२, असं करत शेवटी एका तुकड्यापर्यंत. एका पानाचे सुमारे ६४० तुकडे होतात. १,४४,००० पानांचे ९ कोटी २० लाखांवर. डिस्कवर ही वाढ फारशी जाणवत नाही, कारण एकेक तुकडा अगदी छोटा असतो. बॅकअपला मात्र सात लाखांऐवजी नऊ कोटींची यादी धरावी लागते. परवापर्यंत नीट चालणारा बॅकअप झूमची सोय केल्यापासून मरायला लागला, असं कुणी सांगितलं तर माझा पहिला प्रश्न हे तुकडे कुठं ठेवलेत हा असतो.

मोजायचं कसं

सगळ्यात झटपट रस्ता 'डीएफ' कमांडला 'आय' लावण्याचा. त्या डिस्कवर किती इनोड (प्रत्येक फाइलीमागची नोंद) वापरात आहेत ते क्षणात कळतं, आणि फायली व फोल्डर मिळून संख्या जवळपास तेवढीच असते. नॅसवर बीटीआरएफएस फाइल सिस्टीम असेल तर मात्र तिथं शून्य दिसेल. ती इनोड आधी आखून ठेवत नाही. अशा ठिकाणी 'फाइंड' चालवून तिचं उत्तर 'डब्ल्यूसी'कडून ओळी मोजून घ्या. कोणत्या फोल्डरात गर्दी आहे ते शोधायचं तर 'डीयू'ला 'इनोड्स' हा पर्याय लावा, ती जागेऐवजी संख्या दाखवते. विंडोजवर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये आकडा येतो, वेळ लागला तरी थांबा.

मोजण्यासाठी 'एलएस' वापरू नका. ती नावं क्रमानं लावून दाखवते, त्यासाठी सगळी आधी मेमरीत घेते. वीस लाखांच्या फोल्डरात ती नुसती बसून राहते, आणि बघणाऱ्याला वाटतं डिस्क गेली.

आरसिंकचा हिशेब

आरसिंकसाठी तिच्या लेखकांनीच दिलेलं जुनं माप आहे: एका फाइलीला साधारण १०० बाइट. आठ लाख फायलींना ८० एमबी. या मापानं वरच्या नऊ कोटी तुकड्यांना नऊ जीबीपेक्षा जास्त लागतील.

२००८ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून आरसिंक सगळी यादी आधी बनवत नाही. एकेक फोल्डर घेत पुढं जाते आणि झालेल्यांची जागा सोडत जाते, त्यामुळं रॅम फार कमी लागते. पण हा फायदा काही अटींवर मिळतो, आणि आपल्याकडची बिघडलेली कामं बहुतेक या अटींपाशीच बिघडलेली असतात.

पहिली अट: दोन्ही टोकांना ३.० किंवा पुढची आवृत्ती हवी. छपाईच्या आणि डिझाइनच्या दुकानांत मॅक असतात, आणि मॅकसोबत कित्येक वर्षं २.६.९ हीच आवृत्ती येत होती. एका टोकाला ती असली की दोन्ही टोकं जुन्या पद्धतीनं वागतात.

दुसरी अट पर्यायांची आहे. 'डिलीट आफ्टर', 'डिलीट बिफोर', 'डिले अपडेट्स' आणि 'प्रून एम्प्टी डर्स' यांपैकी एकही लावला तर आरसिंकला पूर्ण यादी आधी हवी असते, म्हणजे जुनाच खर्च. इंटरनेटवरून उचललेल्या स्क्रिप्टांत 'डिलीट आफ्टर' हमखास असतो. हेतू चांगला असतो, आधी सगळं पोचू दे, मग पुसू दे. तो हेतू 'डिलीट डिले'नंही साधतो, आणि तो पूर्ण यादी मागत नाही. एवढा एक शब्द बदलल्यावर बॅकअप सुरळीत झालेला मी पाहिला आहे.

तिसरी गोष्ट फोल्डरांच्या रचनेची. एकेक फोल्डर घेत जाण्याचा फायदा तेव्हाच, जेव्हा फायली अनेक फोल्डरांत विभागलेल्या असतील. सगळी व्हाउचरं 'स्कॅन' नावाच्या एकाच फोल्डरात ओतलेली असतील तर तो अख्खा फोल्डर एकदम मेमरीत येणार. वर्ष, महिना, अंक अशी उतरंड केली तर वाचणाऱ्या माणसाचीही सोय होते आणि मशीनचीही.

रॅम वाढवली, बत्तीस जीबी केली, तरी आरसिंक मेमरीची तक्रार करते, असंही घडतं. ३.२ मालिकेतल्या आवृत्त्यांत एका वेळी मागायच्या मेमरीला सुमारे एक जीबीची मर्यादा घातलेली आहे. संदेशात 'मॅक्स अलॉक' हे शब्द दिसले तर रॅम पुरेशी आहे, मर्यादा आडवी आलीय असं समजा. त्याच नावाच्या पर्यायानं ती वाढवता येते.

मराठी आणि कानडी नावांचं वजन

१०० बाइटचं माप रोमन नावांच्या काळातलं आहे. आपल्याकडं फायलींची नावं मराठीत असतात, सरकारी कागदांची कानडीत, आणि पुष्कळदा दोन्ही एकत्र. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरी आणि कानडी या दोन्ही लिप्यांचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना-वेलांटी ही स्वतंत्र चिन्हं धरली जातात. 'निपाणी' हे तीन अक्षरी नाव सहा चिन्हांचं, म्हणजे १८ बाइटांचं. 'खानापूर' २१ बाइटांचं. 'खानापूर तालुका शेतसारा पावती' असं नाव ठेवलं की एका फाइलीच्या नावालाच ऐंशीच्या आसपास बाइट जातात. आरसिंक फोल्डरचं नाव एकदाच साठवते, पण फाइलीचं नाव प्रत्येकीचं वेगळं साठवावं लागतं. म्हणून मराठी नावं असतील तर मी १०० ऐवजी २०० बाइट धरतो.

नावं मराठीत ठेवूच नयेत असं मी कधीच सांगणार नाही. ज्या माणसानं ती फाइल उघडायची आहे त्याला वाचता आली पाहिजे. फक्त लांब वर्णन फोल्डरच्या नावात घाला आणि फाइलीला आकडा द्या. याचा दुसराही फायदा आहे. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हं. काही नॅसवर कूटबद्ध केलेल्या फोल्डरात ती १४३ बाइटांवर येते, म्हणजे फक्त ४७ चिन्हं. त्याहून लांब नावाची फाइल पोचतच नाही, आणि लॉग कुणी वाचला नाही तर ती राहिली हे कळतही नाही.

बोर्ग आणि रेस्टिक

बोर्ग आणि रेस्टिक ही एकच मजकूर दोनदा न साठवणारी बॅकअपची साधनं आता आपल्याकडंही वापरात आली आहेत. ती चांगली आहेत, पण त्यांचा मेमरीचा हिशेब वेगळा आहे, कारण त्यांना फायलींबरोबर त्या कापून केलेले तुकडेही (झूमचे नव्हेत) लक्षात ठेवावे लागतात.

बोर्गच्या १.१ मालिकेच्या कागदपत्रांत सरळ सूत्र आहे: तुकड्यांची संख्या गुणिले १६४, अधिक फायलींची संख्या गुणिले २४०, उत्तर बाइटमध्ये. तुकड्यांची संख्या काढायची ती एकूण आकाराला २ एमबीनं भागून, कारण नेहमीच्या सेटिंगमध्ये तुकडा सरासरी तेवढा असतो. त्यांचंच उदाहरण दहा लाख फायली आणि एक टीबीचं आहे, आणि उत्तर येतं साधारण ०.३१ जीबी.

स्कॅनिंगवाल्यांनी हे सूत्र जसंच्या तसं वापरलं की अंदाज कमी येतो. समजा ५० लाख फायली आहेत, सरासरी २०० केबीच्या, एकूण एक टीबी. आकाराला २ एमबीनं भागलं तर ४.८ लाख तुकडे आणि उत्तर १२८० एमबी. पण २०० केबीच्या फाइलीचा अर्धा तुकडा होत नाही. प्रत्येक फाइलीचा निदान एक तुकडा होतोच. म्हणजे तुकडेही ५० लाख. एका फाइलीला १६४ अधिक २४०, म्हणजे ४०४ बाइट, आणि एकूण २०२० एमबी. शिवाय ही कोष्टकं भरत आली की बोर्ग मोठं नवं कोष्टक बनवून जुनं त्यात ओततो, आणि तेवढा वेळ दोन्ही मेमरीत असतात. महिनाभर चाललेला बॅकअप एका रात्री एकदम का मरतो याचं कारण पुष्कळदा हेच असतं: संख्या त्या उंबरठ्यावर आलेली असते. म्हणून सूत्राच्या उत्तराच्या दुप्पट रॅम मोकळी असल्याशिवाय मी काम सुरू करत नाही.

बॅकअप दुसऱ्या मशीनवर जात असेल तर साठ्याची सूची तिकडच्या रॅममध्ये बसते, एका तुकड्याला ४० बाइट धरा. ५० लाखांना २०० एमबी. पाचशे बारा एमबीच्या नॅसला हे जड आहे.

तुकड्यांचा आकार वाढवा असा सल्ला मिळतो. मोठ्या टिफ फायली असतील तर तो बरोबर आहे. २०० केबीच्या जेपेगना त्याचा काहीही उपयोग नाही, कारण त्या आधीच एका तुकड्यात मावतात. आणि मध्येच ते माप बदललं तर मोठ्या फायलींचे जुने तुकडे जुळेनासे होऊन त्या नव्यानं साठवल्या जातात. फायलींची आठवण ठेवणारा कॅश बंद केला तर मेमरी वाचते, पण रोज रात्री प्रत्येक फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावी लागते. ५० लाख फायली रोज वाचणं फिरत्या डिस्कला परवडत नाही.

भाग पाडायचे तर रेपॉझिटरी (बॅकअपचे साठे) वेगळ्या करा. एकाच रेपॉझिटरीत 'अ' भाग सोमवारी, 'ब' भाग मंगळवारी असं केलं तर मेमरी वाचत नाही. सूची सगळ्या रेपॉझिटरीची असते, आणि कॅशमधली नोंद न दिसलेल्या फाइलीसाठीही मूळ सेटिंगनुसार वीस बॅकअपपर्यंत जपली जाते.

रेस्टिकही सूची मेमरीत ठेवते. ती गो भाषेत लिहिलेली आहे आणि टाकाऊ मेमरी कधी गोळा करायची हे 'गोजीसी' या चलावर ठरतं. मूळ मूल्य १०० असतं. ते २० केलं की रॅम कमी लागते, प्रोसेसर थोडा जास्त राबतो. रोजचा बॅकअप नीट होतो आणि 'प्रून' (नको असलेला डेटा काढणं) किंवा 'चेक' (साठा तपासणं) मात्र मरतं, असं असेल तर ती दोन कामं मोठ्या रॅमच्या मशीनवरून चालवा.

'फ्री' शून्य दिसलं म्हणून घाबरू नका

बॅकअप चालू असताना 'फ्री' ही कमांड देऊन बघितलं तर मोकळी मेमरी जवळजवळ संपलेली दिसते. त्यावरून कुणी रॅमची ऑर्डर देत असेल तर थांबा. लाखो फायलींना हात लावला की कर्नल त्यांची माहिती कॅशमध्ये ठेवतो. एक्स्ट ४ फाइल सिस्टीमवर एका फाइलीमागं एक केबीपेक्षा थोडं जास्त जातं. गरज पडली की कर्नल हा कॅश स्वतः सोडतो. बघायचा रकाना 'अव्हेलेबल'चा आहे. तो घसरत घसरत तळाला गेला तरच चिंता. 'स्लॅबटॉप' चालवलं तर कॅशनं किती धरलंय ते वेगळं दिसतं.

स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, वाढवणं हा एका रात्रीपुरता आधार आहे. बॅकअपच्या कोष्टकांत नोंदी विखुरलेल्या असतात, प्रत्येक फाइलीला वेगळ्याच ठिकाणी उडी मारावी लागते, आणि साध्या हार्ड डिस्कवर स्वॅप असेल तर काम मरत नाही पण सरकतही नाही. जुन्या ३२ बिटच्या नॅसवर तर तेवढाही आधार मिळत नाही. तिथं एका प्रोसेसला चार जीबीपेक्षा जास्त मिळूच शकत नाही, प्रत्यक्षात तीनच्या आसपास.

आधी संख्या कमी करा, मग रॅम घ्या

झूमचे तुकडे आणि छोट्या प्रतिमा मूळ टिफवरून पुन्हा बनवता येतात. त्या बॅकअपमधून वगळा. वरच्या उदाहरणात एवढ्यानंच नऊ कोटींचे सुमारे पावणेसहा लाख होतात. बनवण्याची स्क्रिप्ट आणि तिची सेटिंग मात्र बॅकअपमध्ये हवीच. पिरॅमिड टिफ (एकाच फाइलीत पानाचे सगळे आकार) ठेवून मागेल तसा तुकडा देणारा इमेज सर्व्हर लावता आला तर तुकडे साठवण्याचीच गरज उरत नाही, आणि नव्या कामाला मी तोच रस्ता सुचवतो.

दुसरं, जे वर्ष स्कॅन होऊन, तपासून, बंद झालंय ते रोज मोजायचं कशाला? महिन्याचे अंक एका टारमध्ये (अनेक फायलींची एकच फाइल) बांधा आणि सोबत चेकसमची, म्हणजे फाइल बदलली नाही हे पडताळायच्या आकड्यांची, यादी ठेवा. जेपेग आधीच आवळलेले असतात, पुन्हा आवळण्यात वेळ घालवू नका. ३० जीबीच्या एक लाख फायलींना बोर्गमध्ये ४० एमबी रॅम लागते. तेच टार केले तर जेमतेम अडीच. टार स्वतः यादी धरून बसत नाही, एक फाइल घेते, ओतते, पुढं जाते. मराठी नावांसाठी पॉसिक्स फॉरमॅट निवडा. झिप वापरणार असाल तर जुन्या झिपमध्ये ६५,५३५ पेक्षा जास्त नोंदी बसत नाहीत हे ध्यानात असू द्या. वर्षाऐवजी महिन्याचा टार मी मुद्दाम सांगतो. एखादा टार खराब झाला तर नुकसान एका महिन्यापुरतं राहतं, आणि कुणी एक अंक मागितला तर सगळं वर्ष उलगडावं लागत नाही.

दोन्ही टोकांना झेडएफएस किंवा बीटीआरएफएस फाइल सिस्टीम असेल तर त्यांचं 'सेंड' वापरा. ते बदललेले ब्लॉक पाठवतं, फायलींची यादी बनवत नाही, त्यामुळं संख्येचा प्रश्नच मागं पडतो.

स्वतःच्या मशीनवर मोजून बघा

सूत्रं आवृत्तीप्रमाणं बदलतात, म्हणून शेवटी मोजमाप आपलंच हवं. 'यूएसआर बिन'मधल्या 'टाइम'ला 'व्ही' लावून बॅकअप चालवा. शेलमधली अंगभूत 'टाइम' चालणार नाही, पूर्ण पाथ द्या. शेवटी 'मॅक्सिमम रेसिडेंट सेट साइझ' अशी ओळ येते, ती केबीमध्ये असते. एकदा एक लाख फायलींवर चालवा, एकदा पाच लाखांवर, दोन्ही वेळा रिकाम्या रेपॉझिटरीत. समजा पहिल्यांदा ९० एमबी आले आणि नंतर २५०. चार लाख फायलींना १६० एमबी, म्हणजे एका फाइलीला ४०० बाइट, आणि मुळातला ठरावीक खर्च ५० एमबी. तुमच्याकडं ६० लाख असतील तर २४५० एमबी. त्याला दुप्पट करा, पुढच्या दोन वर्षांत किती पानं वाढणार ते त्यात धरा, आणि मग दुकानात जा.

एक खबरदारी: बॅकअप अनेक प्रोसेस सोडत असेल तर 'टाइम' सगळ्यांची बेरीज देत नाही, सगळ्यात मोठ्याचा आकडा देते. आणि पलीकडच्या टोकाचा आकडा तिकडं जाऊनच बघावा लागतो.

रोज रात्री बॅकअपच्या आधी फायलींची संख्या लॉगमध्ये लिहून ठेवायला एक ओळ पुरते. पुढच्या वेळी बॅकअप मेला की त्याच्या आदल्या आठवड्यात संख्या किती चढली ते बघता येतं, आणि लाईटवरून वाद होत नाही.

हार्ड लिंकचे साठे

आरएसस्नॅपशॉटसारख्या साधनांनी रोजची प्रत हार्ड लिंक करून (एकाच फाइलीला आणखी एक नाव देऊन) ठेवली असेल तर जागा वाचते, पण नावं वाचत नाहीत. दहा लाख फायलींच्या तीस दिवसांच्या प्रती म्हणजे तीन कोटी नावं. असा साठा नव्या डिस्कवर हलवताना आरसिंकला कॅपिटल एच लावावा लागतो, आणि मग कोणतं नाव कोणत्या इनोडचं हे तिला शेवटपर्यंत लक्षात ठेवावं लागतं. छोट्या मशीनवर हे काम होतच नाही. एक तर शेवटची एकच प्रत हलवा आणि जुनी डिस्क तारीख घालून कपाटात ठेवा, नाहीतर डिस्क अनमाउंट करून तिची 'डीडी'नं जशीच्या तशी प्रत काढा.

याच साठ्यांवर लाईट खरोखर जाते तेव्हा दुसरा प्रश्न उभा राहतो. नॅस पुन्हा सुरू होताना फाइल सिस्टीम तपासायला घेते, आणि लाखो हार्ड लिंक असलेल्या डिस्कवर 'ई टू एफएससीके' या तपासणाऱ्या कमांडलाच रॅम पुरत नाही. तपासणी अर्ध्यात मरते, डिस्क माउंट होत नाही, आणि डेटा गेला असं वाटून कुणीतरी ती फॉरमॅट करायला निघतं. तसं करू नका. डिस्क काढून जास्त रॅमच्या लिनक्स मशीनला जोडा आणि तिथं तपासा. तेही नसेल तर 'ई टू एफएससीके'च्या कॉन्फिग फाइलीत 'स्क्रॅच फाइल्स' हा विभाग घालून त्यात दुसऱ्या डिस्कवरचा एखादा फोल्डर द्या. मग ती आपली कोष्टकं रॅमऐवजी तिथं मांडते. वेळ पुष्कळ लागतो, दिवसही जाऊ शकतो, तोवर मशीन यूपीएसवर राहू द्या आणि मध्येच बंद करू नका.